एकरी किती पाणी पडतं? फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन आणि नोझलची निवड

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर 10 टक्के हे तणनाशक हेक्टरी 1 लिटर, म्हणजे एकरी 400 मिली मारायचं असतं. दुकानदार सांगतो, "पंपाला 32 मिली टाका." त्याचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे. 16 लिटरचे साडेबारा पंप, म्हणजे 200 लिटर पाणी, एका एकरात पडणार.

आता एकाच शिवारातले तीन शेतकरी घ्या. पहिला झपझप चालतो, त्याचं एकर साडेसात पंपांत उरकतं. त्याच्या जमिनीवर 240 मिली औषध पडलं. गवत पिवळं पडेल आणि आठवड्याने पुन्हा हिरवं होईल. दुसऱ्याचे बरोबर साडेबारा पंप लागले, त्याचं काम झालं. तिसऱ्याचा नोझल, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, झिजलेला, चाल हळू; त्याने साडेसतरा पंप ओतले. त्याच्या एकरात 560 मिली गेलं. सोयाबीनला झटका बसेल आणि जमिनीत उरलेल्या अंशाचा त्रास पुढच्या रब्बी पिकालाही होऊ शकतो. औषध तेच, टोपणाचं माप तेच, पण निकाल तीन.

औषधाची मात्रा जमिनीच्या हिशेबाने ठरते आणि आपण ती पंपाच्या हिशेबाने टाकतो. या दोन हिशेबांना जोडणारा आकडा एकच आहे: माझा पंप, माझ्या नोझलने, माझ्या चालीने एकरी किती लिटर पाणी टाकतो. तो आकडा काढणं म्हणजे कॅलिब्रेशन. त्याला एक सकाळ लागते, आणि खर्च म्हणाल तर एक मापाचा जार.

आधी पंप नीट करा

गळका पंप मोजण्यात अर्थ नाही. टाकीत साधं पाणी भरा, पंप चालू करा आणि ट्रिगर दाबून धरा. लान्सच्या (नोझल लावलेल्या लांब नळीच्या) जोडावर, ट्रिगरच्या मुठीपाशी, टाकीच्या तळाशी कुठे ओल दिसते का ते बघा. बहुतेक गळती वायसर बदलला की थांबते. ट्रिगर सोडल्यावर नोझलमधून थेंब टपकत राहत असतील तर ट्रिगरमधला वायसर किंवा स्प्रिंग गेली आहे.

मग गाळण्या बघा. टाकीच्या तोंडावरची जाळी, मुठीतली गाळणी आणि नोझलमागची बारीक गाळणी, तिन्ही काढून धुवा. नोझल वारंवार तुंबतो म्हणून अनेक जण ही बारीक गाळणी काढून फेकून देतात. तुंबण्याचं कारण तीच आहे असं त्यांना वाटतं. ती नसली की कचरा थेट नोझलच्या छिद्रात जातो. बॅटरीचा पंप असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करूनच मोजमाप करा.

गुंठ्याची पद्धत

सूत्रं, तक्ते पुढे येतील. पण ज्याला फक्त एक गोष्ट करायची आहे त्याने ही करावी. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. एका गुंठ्यात किती पाणी पडलं ते मोजा आणि 40 ने गुणा. बस.

लागणारं साहित्य: टेप, चार खुंट्या, दोरी, एक लिटरचा खुणा असलेला जार आणि बादली. जार यासाठी वेगळा घ्या, स्वयंपाकघरातला आणू नका.

1. ज्या शेतात फवारणी करायची आहे त्याच शेतात गुंठा आखा. रस्त्यावर किंवा खळ्यावर चालण्याची गती वेगळी असते आणि गुडघाभर पिकातून, ओल्या मातीतून चालण्याची वेगळी.

2. ओळींचं अंतर 3 फूट असेल तर 33 फुटांत 11 ओळी येतात, दीड फूट असेल तर 22. कपाशी 4 फुटांवर असेल तर 33 ला भाग जात नाही. तिथे 8 ओळी, म्हणजे 32 फूट रुंदी आणि 34 फूट लांबी घ्या. 5 फुटांच्या ओळी असतील तर 7 ओळी आणि 31 फूट लांबी. क्षेत्र जवळपास तेवढंच भरतं.

3. पंप सपाट जागेवर ठेवा, साध्या पाण्याने भरा आणि पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली हवी, नाहीतर पाठीवर खरं वजन येत नाही आणि चाल फसवी निघते.

4. गुंठा नेहमीसारखाच फवारा. मोजमाप चालू आहे म्हणून जास्त काळजीने फवारू नका. ओळ संपून वळताना ट्रिगर सोडा. पुढेही तसंच करायचं आहे.

5. पंप त्याच सपाट जागेवर परत आणा आणि जारने मोजत रेघेपर्यंत पाणी भरा. जेवढं भरलं तेवढं गुंठ्यात पडलं.

6. हे तीनदा करून सरासरी काढा. तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर चाल किंवा दाब स्थिर नाही. आधी ते सुधारा.

सरासरी 3 लिटर आली तर एकरी 120 लिटर, 5 लिटर आली तर एकरी 200. हा आकडा पंपाच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवा. मात्र तो त्या माणसाचा, त्या नोझलचा आणि पिकाच्या त्या उंचीचा आकडा आहे. फवारायला दोन मजूर येणार असतील तर दोघांचं वेगवेगळं मोजा. उंच तरुणाची चाल आणि साठीच्या माणसाची चाल यांत सहज दीडपट फरक असतो, आणि तेवढाच फरक औषधात पडतो. कपाशी गुडघ्याएवढी असताना काढलेला आकडा ती छातीला लागल्यावर चालत नाही. तेव्हा ओळीच्या दोन्ही बाजूंनी फवारावं लागतं आणि पाणी दुप्पट लागतं.

आकडा हवा तसा आला नाही तर

इथे तीन गोष्टी सुट्या मोजाव्या लागतात. पहिली म्हणजे नोझलचा प्रवाह. नोझल बादलीत धरून बरोबर एक मिनिट ट्रिगर दाबा आणि जमा झालेलं पाणी जारने मोजा. दुसरी चालण्याची गती. पंप पाठीवर घेऊन, फवारत, शेतातच 100 फूट चाला आणि मोबाइलवर वेळ लावा. तिसरी गोष्ट, फवाऱ्याच्या पट्ट्याची रुंदी, ती ओळींच्या अंतरावरून कळते किंवा कोरड्या मातीवर फवारून ओल्या पट्ट्यावर टेप लावला की कळते.

सूत्र असं: एकरी पाणी = मिनिटाचा प्रवाह (लिटर) × 43,560 ÷ (मिनिटाला चाललेले फूट × पट्ट्याची रुंदी फुटांत).

समजा नोझल मिनिटाला 1.1 लिटर टाकतो. 100 फूट चालायला 45 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 133 फूट. पट्टा 3 फुटांचा. हिशेब येतो एकरी 120 लिटर. आपला पहिला शेतकरी हाच.

त्याला 200 लिटरवर यायचं असेल तर एकतर 100 फुटांना 75 सेकंद लावत चालावं लागेल, किंवा मिनिटाला साधारण 1.8 लिटर देणारा नोझल बसवावा लागेल. माझं स्पष्ट मत आहे की नोझल बदलावा. माणसाला सांगून दोन ओळींपुरतीच चाल बदलते. तिसऱ्या ओळीपासून तो आपल्या मूळ गतीवर येतो, आणि दिवसभर पाठीवर वजन घेऊन चालणाऱ्याकडून दुसरी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

दाब वाढवून पाणी वाढवता येईल, असं वाटतं. पण नोझलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. पाणी दुप्पट करायचं तर दाब चौपट करावा लागतो, आणि तेवढ्या दाबाने थेंब इतके बारीक होतात की औषध पिकावर बसण्याआधी वाऱ्यावर जातं. दाब थोडीफार जुळवाजुळव करण्यापुरता वापरा. मोठा बदल हवा असेल तर नोझल बदला.

पंपाला किती औषध?

आकडा मिळाला की बाकी सरळ आहे. टाकीची क्षमता भागिले एकरी पाणी, गुणिले एकरी मात्रा. एकरी 200 लिटर, 16 लिटरचा पंप, 400 मिलीची मात्रा: पंपाला 32 मिली. टाकीवर 16 लिटर लिहिलं म्हणून 16 धरू नका. आपण गळ्यापर्यंत भरतो की खाली ठेवतो ते एकदा जारने मोजून घ्या.

कीटकनाशकात घोळ वेगळा होतो. क्लोरअँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के हे कपाशीत बोंडअळीसाठी हेक्टरी 150 मिली, म्हणजे एकरी 60 मिली आहे. हेक्टरी 500 लिटर पाणी धरून त्याची शिफारस "10 लिटरला 3 मिली" अशी येते. शिफारस बरोबरच आहे. पण बोंडं धरलेल्या, फांद्या जुळलेल्या कपाशीत एखाद्याने 10 लिटरला 3 मिली टाकून एकरी फक्त 120 लिटर पाणी फिरवलं, तर झाडांवर पडलं 36 मिली. अळी मरत नाही, औषध डुप्लिकेट निघालं म्हणून दुकानात भांडण होतं, मग त्याच्यात दुसरं औषध मिसळून पुन्हा फवारा होतो. अर्ध्यामुर्ध्या मात्रेतून वाचलेल्या अळ्यांमध्ये त्या औषधाला दाद न देणाऱ्या अळ्याच उरत जातात.

म्हणून मी तणनाशक आणि कीटकनाशक यांचा हिशेब वेगळा ठेवतो. तणनाशकाचं लक्ष्य जमीन आहे आणि एकर लहान-मोठा होत नाही, तेव्हा एकरी मात्रा तंतोतंत पाळायची. कीटकनाशकाचं लक्ष्य झाड आहे. पीक वीस-पंचवीस दिवसांचं असताना पानोळा, म्हणजे पानांचा पसारा, कमी असतो. तेव्हा 10 लिटरच्या प्रमाणाने मिश्रण करून कमी पाण्यात झाड भिजलं तर ते पुरेसं आहे. पीक पूर्ण वाढलं की शिफारशीइतकं पाणी खरोखर पडलं पाहिजे. पाणी वाचवायला मिश्रण घट्ट करण्यापेक्षा पाणी वाढवा, कारण घट्ट मिश्रणाचे थोडे थेंब आतल्या बोंडापर्यंत पोचत नाहीत. लेबलवरची एकरी मात्रा मात्र कोणत्याही परिस्थितीत ओलांडायची नाही.

"पॉवर पंपाला औषध तिप्पट घ्या" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते आलं पाठीवरच्या पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या फवाऱ्यासाठी. पंख्याच्या हवेने पाण्याचं धुकं करणारं ते यंत्र साध्या पंपाच्या सुमारे एक तृतीयांश पाण्यात एकर उरकतं, म्हणून मिश्रण तिप्पट घट्ट आणि एकरी औषध तेवढंच. पुढे बॅटरीचे पंप आले आणि लोकांनी त्यांनाही पॉवर पंप म्हणायला सुरुवात केली. बॅटरीच्या पंपात फक्त हाताच्या दांड्याची जागा मोटारीने घेतलेली आहे. एकरी पाणी साध्या पंपाइतकंच, कधी जास्तही पडतं. त्यात औषध तिप्पट घातलं तर शेतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर तिप्पट विष पडतं. आपलं यंत्र कोणत्या जातीचं आहे हे ओळखण्यापेक्षा गुंठा मोजा.

नोझल कोणता घ्यावा

पंप पाच हजारांचा असो की पाच लाखांचा, औषध पिकाला भेटतं ते त्या नखाएवढ्या छिद्रातून. तरीही आपण पंपाबरोबर आलेला नोझल दहा वर्षं काढत नाही.

तणनाशकासाठी दोन पर्याय आहेत. फ्लड जेट, ज्याला बरेच जण कट नोझल म्हणतात, कमी दाबावर रुंद पट्टा आणि जाड थेंब देतो. पेरणीनंतर उगवणीपूर्वी मारायच्या तणनाशकाला तो चांगला, कारण तिथे जमीन ओली करायची असते. उगवलेल्या तणावर फ्लॅट फॅन नोझल बरा, कारण त्याचा पट्टा सारखा असतो आणि थेंब मध्यम. तणनाशक कधीही गोल फवाऱ्याच्या, धुकं करणाऱ्या नोझलने मारू नका. 2,4-डी सारख्या औषधाचं धुकं शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षबागेवर गेलं तर पानं आकसून वेडीवाकडी होतात, नुकसान भरून येत नाही आणि बांधावरचे संबंध कायमचे बिघडतात.

कीटकनाशक आणि बुरशीनाशकाला हॉलो कोन. याचा फवारा पोकळ शंकूसारखा फिरत बाहेर पडतो, थेंब बारीक असतात आणि वेगवेगळ्या कोनांतून येत असल्याने पानांच्या खालच्या बाजूलाही लागतात. पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे पानाच्या खालीच असतात. लान्सचं टोक थोडं वळवून, फवारा खालून वर जाईल असा धरला तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

पितळेचा फिरवायचा नोझल, जो घट्ट केला की धुकं आणि सैल केला की पिचकारी देतो, तो मात्र मला अजिबात पटत नाही. अर्धा आटा फिरला की प्रवाह बदलतो, म्हणजे तुमचं सगळं कॅलिब्रेशन पाण्यात. फवारताना तो आपोआपही सैल होतो. दोन-चार तोंडांच्या नोझलचं तसं नाही. प्रवाह मोजून घेतला तर ते मोठ्या पिकात उपयोगी आहेत. फक्त चारही तोंडांतून सारखं पाणी येतं का ते चार बाटल्या धरून तपासा.

बाजारात रंगीत प्लॅस्टिकचे नोझल मिळतात, त्यांचा रंग म्हणजे प्रवाहाचं माप आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार 3 बार दाबाला नारिंगी (01) मिनिटाला सुमारे 0.4 लिटर, हिरवा (015) 0.6, पिवळा (02) 0.8, निळा (03) 1.2, लाल (04) 1.6 आणि तपकिरी (05) 2 लिटर देतो. नोझलवर 11002 असं कोरलेलं असेल तर 110 अंशांचा फवारा आणि 02 मापाचा प्रवाह. साधे स्वस्त नोझल मात्र कोणत्याही रंगात येतात, तेव्हा रंगावर विसंबू नका. जार आहेच.

थेंब किती बारीक?

थेंबाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात. म्हणून बारीक फवारा सगळ्यांना आवडतो, झाड सगळीकडून ओलं होतं. पण 400 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब स्थिर हवेत 10 फूट खाली यायला सुमारे 2 सेकंद घेतो, 100 मायक्रॉनचा 10 सेकंद आणि 20 मायक्रॉनचा जवळजवळ 4 मिनिटं. चार मिनिटं हवेत तरंगणारं औषध पिकावर बसत नाही. ते शेजारच्या शेतात जातं, नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकातोंडात.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि माणसं त्या दाटीतून, चेहऱ्याच्या पातळीवर फवारत चालली होती. कारणं अनेक होती. पण दाब, नोझल आणि थेंब या तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टी माणसाच्या श्वासाशी किती जोडलेल्या आहेत, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. उंच कपाशीत पंपाचा दाब कमी ठेवा, थोडा मोठ्या छिद्राचा नोझल वापरा आणि लान्स खांद्याच्या वर नेऊ नका. पीक माणसाच्या उंचीला गेलं असेल तर आत शिरून फवारणं टाळा.

वारा अगदी पडलेला असेल तर निर्धास्त होऊ नका. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास थंड हवा जमिनीलगत साचते आणि बारीक थेंब तिच्यात तरंगत लांब जातात. चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर ती वेळ फवारणीची नाही. पानं हलकी हलतील इतकी झुळूक उत्तम, फांद्या हलायला लागल्या की थांबा. वारा जिकडे जातो त्या बांधापासून सुरुवात करा, वाऱ्याला आडव्या ओळी घ्या आणि वारा जिकडून येतो तिकडे सरकत जा, म्हणजे फवारलेला भाग कायम तुमच्या पाठीमागे वाऱ्याखाली राहतो.

थेंब पडतात कुठे, ते बघा

एकरी पाणी बरोबर आलं तरी ते झाडाच्या शेंड्यावरच पडत असेल तर उपयोग नाही. यासाठी पिवळा कागद मिळतो, त्यावर पाण्याचा थेंब पडला की निळा ठिपका उमटतो. तो न मिळाल्यास जुन्या लग्नपत्रिकांच्या पांढऱ्या पुठ्ठ्याचे काडीपेटीएवढे तुकडे करा, पाण्यात कपड्यांची पातळ नीळ मिसळा, आणि शेंड्याला, मधल्या पानाच्या वरून, मधल्या पानाच्या खालून आणि तळाच्या फांदीला एकेक तुकडा टाचणीने किंवा चिमट्याने लावा. नेहमीसारखा फवारा मारा आणि तुकडे वाळू द्या.

मग एक चौरस सेंटिमीटरची खिडकी कापलेला कागद त्यावर ठेवून ठिपके मोजा. कीटकनाशकाला चौरस सेंटिमीटरला 20 ते 30 ठिपके पुरतात, उगवलेल्या तणावरच्या स्पर्शजन्य (जिथे लागेल तेवढाच भाग जाळणाऱ्या) तणनाशकाला 30 ते 40, बुरशीनाशकाला 50 ते 70. शेंड्याचा तुकडा पूर्ण निळा, ओघळलेला आणि पानाखालचा कोरा पांढरा असं चित्र हमखास दिसतं. ओघळ म्हणजे औषध मातीत गेलं. अशा वेळी एकूण पाणी वाढवायची गरज नसते, लान्सचा कोन आणि चालण्याची बाजू बदलायची असते. हा प्रयोग फवारणाऱ्या मजुरांसमोरच करा. दहा वेळा सांगून जे पटत नाही ते एक कोरा पांढरा तुकडा पाहून पटतं.

नोझल कधी फेकायचा

डोळ्यांना झिजलेला नोझल ओळखू येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला तसाच एक नवा नोझल आणा, त्याच पंपावर, त्याच दाबाला दोघांचा मिनिटाचा प्रवाह मोजा. जुन्याचा 10 टक्क्यांहून जास्त भरला तर तो काढून टाका. पितळ दिसायला दणकट असलं तरी लवकर झिजतं. चांगल्या प्लॅस्टिकचे नोझल पितळेहून जास्त टिकतात, त्याहून स्टेनलेस स्टील आणि सगळ्यांत जास्त सिरॅमिक. गंधक, ताम्रयुक्त बुरशीनाशकाची पावडर जास्त वापरत असाल तर सिरॅमिकचेच घ्या.

तुंबलेला नोझल टाचणी किंवा तारेने टोकरू नका, छिद्राची कड खरवडली की फवारा फाटतो. तोंडाने फुंकणं तर औषध पिण्यासारखंच आहे. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं. खिशात एक जादा नोझल ठेवा, शेतात बदलून टाका आणि घरी निवांत धुवा.

ट्रॅक्टरचा बूम

इथे एक सोपी युक्ती आहे. बूमवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या आडव्या दांड्यावर, नोझल बहुधा 50 सेंटिमीटरवर असतात. शेतात 20 मीटर अंतर आखा. टाकी निम्मी भरून, फवारणीच्या गिअरमध्ये, पीटीओला (इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याला) लागणाऱ्या आरपीएमवर थ्रॉटल ठेवून तेवढं अंतर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. ट्रॅक्टर रेघेच्या आधीपासूनच चालत आलेला हवा. मग उभ्या ट्रॅक्टरवर तेच थ्रॉटल ठेवून तेवढेच सेकंद एका नोझलचं पाणी जमा करा. जितके मिली आले, तितकेच हेक्टरी लिटर. भागाकार नाही, गुणाकार नाही. एकरी हवं असेल तर अडीचने भागा.

उदाहरणार्थ ताशी 5 किलोमीटरने 20 मीटरला साधारण 14.4 सेकंद लागतात. निळा नोझल 3 बारला तेवढ्या वेळात 288 मिली देईल, म्हणजे हेक्टरी 288, एकरी 115 लिटर. 200 च्या जवळ जायचं तर तपकिरी नोझल बसवा, एकरी 192 येतात.

हे सगळ्या नोझलवर करा. एखादा सरासरीहून 5 टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली असेल तर धुऊन पुन्हा मोजा, तरी फरक राहिला तर बदला. एका बूमवर दोन जातींचे नोझल कधीच ठेवू नका. 110 अंशांच्या नोझलला बूमची उंची पिकाच्या शेंड्यापासून साधारण 50 सेंटिमीटर ठेवा. बूम झुकलेला असेल तर शेतात पट्टे उमटतात.

द्राक्षबागेतल्या ब्लोअरसाठी, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या पंख्याच्या फवाऱ्यासाठी, सूत्र हेच, फक्त दोन्ही बाजूंच्या सगळ्या नोझलचा प्रवाह मिळवायचा आणि रुंदी म्हणून ओळींमधलं अंतर धरायचं: हेक्टरी पाणी = एकूण प्रवाह × 600 ÷ (ताशी किलोमीटर × अंतर मीटरमध्ये). मिनिटाला 20 लिटर, ताशी 4 किलोमीटर आणि 9 फुटांच्या, म्हणजे 2.74 मीटरच्या ओळी असतील तर हेक्टरी सुमारे 1,095, एकरी 438 लिटर. खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना एवढं पाणी नको. वेलीच्या वर आणि खाली मोकळ्या हवेत मारणारे नोझल बंद करून पुन्हा मोजा. वेलाचा पसारा वाढेल तसे ते एकेक उघडत जा.

फवारणी संपल्यावर

शेवटच्या पंपासाठी उरलेलं क्षेत्र मोजून तेवढंच मिश्रण करा, म्हणजे टाकीत काही शिल्लक राहत नाही. राहिलंच तर फवारलेल्या ओळींवर पुन्हा मारू नका, तिथे मात्रा दुप्पट होते. पाण्याने पातळ करून शेतातल्याच न फवारलेल्या कडेवर संपवा. टाकी तीनदा धुवा आणि प्रत्येक वेळी ते पाणी लान्स-नोझलमधून सोडा, कारण औषध टाकीपेक्षा नळीत आणि गाळणीत जास्त अडकतं. विहिरीवर, नाल्यावर, गुरांच्या हौदापाशी हे धुणं करू नका. तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच ठेवा आणि त्याच्या टाकीवर लाल पट्टा ओढा. 2,4-डी मारलेला पंप नुसता विसळून कपाशीत नेला तर नळीत राहिलेला अंशही पानं वाकवायला पुरतो.